तुमाले काय कमी?

मावशीला कुणी सहज म्हणून ‘कसं काय चाललंय?’ असं विचारलं, की विचारणाऱ्याचा अर्धा तास गेला म्हणून समजावं. नवा माणूस उभ्याउभ्याच अडकायचा. जुनी माणसं आधी टेकायला जागा बघायची आणि मग विचारायची. पण विचारायची हे खरं. मावशीची तक्रार ऐकण्यासारखी असायची.

मी दुसरबीडला गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो तेव्हा तिच्याकडे दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचो. मी सांगलीकडचा. पहिले काही दिवस तिचं बोलणं मला निम्मंच कळायचं. तरी बाई तक्रार करते आहे एवढं कळायला भाषेची गरज नव्हती. आधी ती डोक्यावरचा पदर मागे सारायची, मग एक सुस्कारा टाकायची, आणि मग सुरू. नळाला पाणी नेमकं कणकेत हात असताना येतं. शेजारची कोंबडी ओरडायला हिच्या अंगणात येते आणि अंडं मात्र घरी जाऊन घालते. मारुतीचं देऊळ बांधणाऱ्यानं दार चुकीच्या बाजूला ठेवलं, त्यामुळे उन्हाळाभर देवाच्या तोंडावर ऊन. वांगी कमी आली तर नशीब फुटकं, जास्त आली तर तोडता तोडता कंबर गेली. मी भाडं वेळेवर द्यायचो त्याचीही तक्रार होती. आधीचा भाडेकरू कसा, निदान चार शिव्या देण्याजोगा होता.

एकदा मी तिला म्हणालो, “मावशी, एखाद्या दिवशी बरं चाललंय म्हणून तर बघा.”

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “बरं चाललं म्हनलं की दिष्ट लागते, डाक्टर. रडलेलं बरं असते.”

गावात मला सगळे डॉक्टरच म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो, त्यांच्या हाताखालचा होतो; पण गाय अडली की मीच जायचो, त्यामुळे कुणी तो फरक करत नसे. मावशीला तर माझ्या अंगाच्या गोठ्याच्या वासाबद्दलही बोलायचं असायचं. बोलायची आणि अंघोळीला पाणी तापवून ठेवायची.

तिचा नवरा फार पूर्वीच गेला होता. गावालगत विहिरीचा ओलिताचा तुकडा होता, त्यात ती भाजी करायची. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, गवार. आठवडी बाजारात तिची ठरलेली जागा होती आणि शेजारी कासाबाई नावाची तिच्याच वयाची बाई बसायची. दोघींची बाजारात जी कुरकुर चालायची ती ऐकायला काही गिऱ्हाइकं मुद्दाम रेंगाळत असावीत असा मला संशय आहे. मुलगा गजानन हाताशी होता, सून वैशाली घरात होती. पोरगा साधा, कष्टाळू, पण गोष्ट पोटात न ठेवणारा. सकाळी घरात ठरलेलं दुपारी पानटपरीवर कळलेलं असायचं.

एक गोष्ट मला वर्षभर माहीत नव्हती. मावशीला एक मुलगीही होती. सुनंदा. हिवरा आश्रमाच्या पलीकडे एका खेड्यात दिलेली. त्या वर्षी ती दिवाळीला दोन दिवस आली तेव्हाच मला ती आहे हे कळलं. वाळलेली, हळू बोलणारी, कुणी हाक मारली की दचकून उठणारी. ते दोन दिवस मावशी एक अक्षर कुरकुरली नाही. नळाला पाणी आलं नाही तरी गप्प. सुनंदा गेली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या कोंबडीवरून पुन्हा सुरू झालं. मला ते विचित्र वाटलं होतं, पण विचारावंसं वाटलं नाही.

मग समृद्धी आली. आमच्याकडे त्या मोठ्या रस्त्याला एवढंच म्हणतात. आधी मोजणीवाले आले, मग खुणेचे दगड आले, मग गावातली माणसं एकमेकांना गट नंबर विचारू लागली. मावशीचा ओलिताचा तुकडा विहिरीसकट रस्त्यात गेला. खरेदीच्या दिवशी ती सही करून आली आणि मला म्हणाली की तिथली खुर्ची फार खोल होती आणि चहा कागदाच्या कपात दिला, हाताला चटका बसला. जमिनीबद्दल काही बोलली नाही. संध्याकाळी शेतात जाऊन आली. येताना पदरात शेवटची गवार होती.

पैसा किती आला हे गावाला माहीत होतं. मी कधी विचारलं नाही. तिनं निम्मा गजाननला दिला, निम्मा स्वतःच्या नावावर ठेवला. गजाननानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. पुढे ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं गेट, दारात पांढरी गाडी. माझ्या दोन खोल्यांनाही फरशी बसली. मावशीचा गुडघा पूर्वीपासून दुखायचा. आता घरातल्या घरात चालताना ती भिंतीला धरून चालायची, कारण फरशी गुळगुळीत.

खरी गंमत पुढे झाली. निदान तेव्हा मला ती गंमत वाटली. मावशीनं पदर मागे सारून सुस्कारा टाकला की समोरचा माणूस हसून म्हणायचा, “आता तुमाले काय कमी, मावशी?” आणि निघून जायचा. टेकायला जागा बघेना कुणी. नळाचं पाणी म्हटलं तर बोअर पाडा म्हणायचे. फरशीचं म्हटलं तर, आमच्या घरी शेणाचंच आहे, या बदलून घेऊ. त्यात थोडी असूया असेल, पण बहुतेकांच्या मनात काही वाईट नव्हतं. ज्याच्याकडे पैसा आला त्यानं रडायचं नसतं, एवढीच त्यांची समजूत.

“गुडघा दुखते म्हनलं,” ती मला एकदा सांगत होती, “त मले म्हने संभाजीनगरले जा, मोठे दवाखाने हायेत. मी काय त्याले पत्ता इच्यारला होता काय?”

काही महिने तिनं कसेबसे काढले. मग एका बाजारच्या दिवशी सकाळी ती दारात टोपली घेऊन उभी. शेत नव्हतं, तर तिनं दुसऱ्या एका बागायतदाराकडून वांगी नि मेथी विकत घेतली होती. गजानन शरमेनं लाल झाला. चार लोक काय म्हणतील, असं वैशाली म्हणाली. मावशी कुणाचं न ऐकता गेली आणि कासाबाईच्या शेजारी आपल्या जागेवर बसली.

त्या दिवशी दुपारी मी बाजारात होतो. मावशीची भाजी भराभर संपत होती. तिला नफ्याची पडलेली नव्हती. कुणी भाव पाडून मागितला की ती दोन शब्द बोलून देऊन टाकायची, वर मूठभर घालायची. कासाबाईची टोपली तशीच भरलेली होती. थोड्या वेळानं कासाबाई तिच्याकडे न बघता म्हणाली, “बाई, तुह्यापुढचं गिऱ्हाईक माह्यापुढं आलं त माह्या घरी चूल पेटते. तू ऊठ.”

रागानं म्हणाली नव्हती. शेजारणीला बाजूला सरक म्हणावं तितक्या सहज म्हणाली. मावशी उठली. उरलेली मेथी तिनं कासाबाईच्या टोपलीत टाकली. कासाबाईनं ती घेतली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. पुढे मावशी बाजारात गिऱ्हाईक म्हणून जायची आणि कासाबाईशी इतकी घासाघीस करायची की बघणाऱ्याला वाटावं, ही बया पैशाला केवढी चिकट. मला वाटतं, तेवढा वेळ तिथं बसायला मिळावं म्हणून ती करायची.

त्याच सुमारास सुनंदाच्या नवऱ्याच्या फेऱ्या वाढल्या. पूर्वी तो सुनंदाला माहेरी न्यायला आलेल्या मुराळ्यालासुद्धा दारातूनच वाटेला लावायचा. आता पेढे घेऊन यायचा, मावशीच्या पायाला हात लावायचा, गुडघा कसा आहे विचारायचा. त्याला ट्रॅक्टर घ्यायचा होता. सरळ मागत नव्हता. ट्रॅक्टर असला म्हणजे शेतीला किती बरं पडतं एवढंच सांगायचा.

तो असाच एकदा येऊन गेल्यावर संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. मावशी मेथी निवडत होती. एकाएकी म्हणाली, “हा मानूस माह्या पोरीले उपाशी ठेवत होता, डाक्टर. हा आन त्याची माय.”

मग तिनं सांगितलं. लग्नाला तीनेक वर्षं झाली होती. सुनंदा कडेवर पोर घेऊन एस.टी.नं एकटीच आली आणि मी परत जाणार नाही म्हणाली. पाठीवर वळ होते. मावशीनं तिला जेवू घातलं, तेल लावून न्हाऊ घातलं आणि दोन दिवसांनी परत पाठवलं. “घरात काय होतं? गजूचं लगन व्हायचं होतं. नांदती पोर घरी बसवली असती त त्याले पोरगी कोन देनार होतं?” ती निवडलेली मेथी पुन्हा निवडत होती. “बसमंधी बसली तं मागं वळून पायलं नाई तिनं.”

मला ती दिवाळी आठवली. जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल कुरकुरणारी ही बाई जे खरं दुखत होतं त्याबद्दल कधी बोललीच नव्हती. आता तिच्या बारीकसारीक तक्रारी लोकांनी काढून घेतल्यावर तळाशी हे उरलं होतं.

“आता माह्यापाशी हाये,” ती म्हणाली. “आता मी तिले आनते. तू चाल संगं. तुह्यासारख्या शिकलेल्या मानसापुढं थे आवाज चढवनार नाईत.”

त्या रविवारी आम्ही गेलो. गजानन गाडी चालवत होता. त्याला आईनं फक्त लेकीला भेटायला जायचंय एवढंच सांगितलं होतं. सुनंदाच्या घरी आमची सरबराई पाहून मी चकित झालो. खाटेवर नवी चादर, काचेच्या कपात चहा, आणि सुनंदाची सासू स्वतः पंखा आमच्याकडे वळवत होती. सुनंदा अंगानं भरली होती. सासू तिला ‘सुनंदाबाई’ म्हणत होती.

थोड्या वेळानं नवऱ्यानं मला गोठ्यात नेलं. त्यांची म्हैस चारा खात नव्हती. तिला तपासत होतो तोवर तो पुढे गजाननशी गाडीच्या ॲव्हरेजबद्दल बोलायला गेला. माझ्यासाठी गरम पाणी घेऊन सुनंदा आली आणि तिच्यामागून मावशी. घरात आडोसा असा तेवढाच होता. मी बाहेर निघालो, तर सुनंदा म्हणाली, “थांबा डाक्टर, तुमी नसले त थो येईन आत.”

मग आईकडे वळली. “काऊन आली?”

“तुले न्यायले.”

सुनंदा काही वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “थे यायचं तवा यायचं होतं, आई. आता नाई.”

मावशी खाली बघत होती. सुनंदाचा आवाज चढला नाही. ती समजावल्यासारखं सांगू लागली. पोरं इथं शाळेत आहेत. शेतात तिनं घाम गाळलाय. ते सोडून भावाच्या घरात, भावजयीच्या हाताखाली कशाला जायचं? “आता मले इच्यारून सैपाक करतात इथं. कोनाच्या जोरावर थे मले मालूम हाये. माह्यासाठी एवढंच कर. यायले पैसे देऊ नको. आन देत नाई असंबी म्हनू नको. नुसतं बघू म्हन.”

“कवरोक?”

“पोरं मोठी होईस्तोवर.”

आम्ही परतलो. वाटेत गजानननं दोनदा विचारलं, आई गप्प का म्हणून. तिनं गुडघ्याचं कारण सांगितलं.

त्या दिवसापासून मावशी ‘बघू’ म्हणायला शिकली. तोंडावर बोलणारी बाई ती. जावई आला की तिच्या चेहऱ्याकडे मला बघवत नसे. पेढा हातात घ्यायची, ट्रॅक्टरचं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “बघू, पोळा झाल्यावर बघू.” पोळा झाला की दिवाळी, दिवाळी झाली की आखाजी. पैसा बँकेत नुसता पडून होता आणि तिकडे सुनंदाच्या ताटात दूध येत होतं. एवढं काम तर तो खर्चूनही झालं नसतं.

पण त्याची किंमत इकडे पडत होती. गजाननाला रस्त्याकडेला हॉटेल काढायचं होतं. त्याच्या वाट्याचं घरात आणि गाडीत गेलं होतं. आईनं उरलेले द्यावेत म्हणून तो आधी विनवू लागला, मग चिडू लागला. मावशी त्यालाही ‘बघू’च म्हणायची. वैशालीनं तिच्याशी बोलणं टाकलं. गावात तर म्हातारी पैशावर नागीण होऊन बसली आहे, असं झालं. मी एकदा म्हटलं, निदान गजाननला तरी खरं सांगा.

“त्याच्या पोटात पानी टिकत नाई,” ती म्हणाली. “आज सांगतलं त उद्या तिकडं पोचते.” ते खरंच होतं.

तिला हे सोसवत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मऊ गादीवर बसून ती टीव्ही बघायची. औषधं वेळेवर मिळत होती. पूर्वी पावसाळ्यात तिचं निम्मं घर गळायचं, आता गळत नव्हतं. यातलं काहीच तिला नको होतं असं म्हणणं लबाडी होईल. मात्र दुपारी ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन बसायची आणि बराच वेळ काही बोलायची नाही. मीच काहीतरी खुसपट काढायचो. आजचं दूध पातळ होतं का, असं. मग ती जरा सैल व्हायची.

पुढे माझी बदली चिखलीला झाली. अधूनमधून फोन व्हायचा. असाच एकदा सकाळी तिचा फोन आला. जावयाला अपघात झाला होता. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून येताना ट्रॅक्टर बांधावरून उलटला, आणि तो खाली सापडला. जालन्याच्या दवाखान्यानं संभाजीनगरला पाठवलं होतं.

“सुनंदाचा फोन आला,” मावशी म्हणाली. “म्हने, आई, आता दे.”

“मग?” मी विचारलं.

“मी म्हनलं, त्या मानसासाठी? त म्हने, माह्यासाठी. मंग म्या काय बोलू?”

सुटी मिळाली तेव्हा मी संभाजीनगरला गेलो. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मावशी बसली होती. सुनंदाची सासू तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. तीच सासू. मावशीचा दुखरा पाय वाकडा अडकला होता, ते मला दिसत होतं. सरळ करा म्हणून मी खूण केली, तर तिनं मान हलवली. म्हातारीचा दोन दिवसांत आत्ताच कुठे डोळा लागलाय, असं हळूच म्हणाली. सुनंदा आतल्या डॉक्टरांशी बोलत होती. ती आता दचकत नव्हती. काय विचारायचं ते तिला नीट ठाऊक होतं आणि उत्तर मिळाल्याशिवाय ती हलत नव्हती.

जावई वाचला. एक पाय कामातून गेला, काठी आली. मावशीचे पैसे जवळजवळ सगळे तिथं गेले. ‘मला दिले नाहीत आणि त्याला दिले’, हे गजानन कित्येक महिने बोलत होता. नंतर सुनंदानंच त्याला सगळं सांगितलं. तो गाडी विकून चहा-नाश्त्याचं लहानसं दुकान चालवतो आता. आईशी बोलतो, डबा नेताना हाक मारतो, पण राग पुरता गेलाय असं मला वाटत नाही. जेवताना मध्येच एखादं वाक्य येतं. मावशी ते ऐकून घेते.

गेल्या उन्हाळ्यात त्या बाजूला काम निघालं म्हणून मी मुद्दाम गेलो. सुनंदा चार दिवसांसाठी माहेरी आली होती. कुरड्या घालायचं काम चाललं होतं आणि मावशी खुर्चीत बसून कुठली जाड, कुठली पातळ ते सांगत होती. तिकडची शेती आता सुनंदाच बघते. नवरा हिशेबापुरता, सासू घरापुरती. चहा झाला आणि मी मनात बरीच वर्षं असलेला प्रश्न विचारला. म्हटलं, मावशी, पैसा होता तेव्हा बरं होतं की आता?

तिनं आधी सुनंदाला एक कुरडई जाड झाल्याचं सांगितलं. मग म्हणाली, “पैसा होता त झोप येत नव्हती असं म्हनतात ना, थे खोटं हाये. चांगली झोप येत होती. जिवाले आराम होता.” पुढे म्हणाली, “पन सुनंदाची सासू फोनवर गोड बोलली, की मले वाटे, हे माह्या पोरीशी बोलून राह्यली का माह्या पैशाशी? थे काई मले समजत नव्हतं.”

तेवढ्यात सुनंदाचा मोबाईल वाजला. तिचे हात गव्हाच्या चिकानं भरले होते, म्हणून मी तो उचलून स्पीकरवर लावला. सासूच होती. गुळाचा डबा कुठे ठेवलास, सगळं घर पालथं घातलं, आणि येणार कधी, असं एका दमात विचारत होती. सुनंदानं फडताळातला कप्पा सांगितला, परवा येते म्हणाली आणि फोन ठेवायला मला खूण केली.

मावशी तिच्याकडे बघत होती. “आता त आपल्यापाशी काईच नाई,” ती म्हणाली. “तरी फोन येते.”

सुनंदा कुरडईवरून मान वर न काढता हसली. “गूळ सापडला नाई म्हनून येते, आई.”

“येऊ दे,” मावशी म्हणाली. “गुळासाठी त गुळासाठी.”